फुवा, ओटीपी सांगा!

खान्देशातली निम्मी म्हातारी माणसं 1 जूनला जन्मलेली आहेत. पोराचं नाव शाळेत घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख ठाऊक नसायची, मास्तरांना रकाना रिकामा ठेवता यायचा नाही, आणि शाळा जूनमध्येच सुरू होत असल्यामुळे 1 जून टाकला की वयाचा हिशेब सरळ बसायचा. या तारखेला पुढे कधी कुणी कुणाला ताजी फुलं पाठवेल, हे त्या मास्तरांच्या स्वप्नातही आलं नसणार. आलं असतं तर त्यांनी बिनदिक्कत 1 जानेवारी लिहून टाकली असती. जानेवारीत आमच्याकडे फुलंच काय, माणसंसुद्धा टवटवीत असतात.

माझी फुई, म्हणजे आत्या, एरंडोलला राहते. ती जन्मली तेव्हा कपाशीची वेचणी चालू होती असं आजी सांगायची, म्हणजे दिवाळीच्या मागेपुढे कधीतरी. पण आधार कार्ड आजीला विचारून काढत नाहीत. तर कार्डानुसार यंदा 1 जूनला फुईला 75 वर्षं पूर्ण होणार होती आणि चिंचवडला आमच्या घरात काय पाठवायचं यावर बैठक बसली. शुगर असल्यामुळे केक बाद. साडी पाठवली की ती लेकीसुनांच्या बोळवणीला जाते, फुईच्या अंगाला लागत नाही. शेवटी बायको म्हणाली, "ताजी फुलं पाठवू. उभ्या जन्मात त्यांना कुणी फुलं दिली नसतील." हे खरं होतं. कुणी का दिली नव्हती, याचा विचार मात्र आम्ही दोघांनीही केला नाही.

मुळात आमच्याकडे फूल हा कौतुकाचा विषयच नाही. शेतात फुलाचं नाव निघतं ते फुलगळीपुरतं. कपाशीला पाते लागलं की ते गळेल का, फूल लागलं की ते गळेल का, आणि बोंड धरलं की त्यात अळी निघेल का, या तीन काळज्यांत आमचं वर्ष जातं. केळीवाले तर घडाच्या फण्या सुटल्या की केळफूल कापूनच टाकतात, नाहीतर घड पोसत नाही म्हणे. अशा मुलुखात गुच्छ पाठवायचा होता.

आधी वाटलं, गावातल्याच फुलवाल्याला सांगावं. ओळखीतून नंबर मिळवून फोन लावला.

"हार लागतो का?"

"हार नको. गुच्छ हवाय. वाढदिवस आहे."

"बरं बरं. कोणत्या पक्षाचे?"

फुई कुठल्याच पक्षाची नाही हे कळल्यावर त्याचा उत्साह मावळला. लग्नसराईत नवरदेवाच्या गाड्या सजवायच्या सोडून एका म्हातारीसाठी गुच्छ बांधायला त्याला सवड नव्हती, आणि त्याचंही बरोबरच होतं.

मग बायकोने मोबाइलवर एक फुलं पोचवणारी कंपनी शोधली. फॉर्म सुरू झाला. फ्लॅट नंबर? नाही. टॉवर? नाही. मजला? धाब्याचं घर आहे, वर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळतात. 'मध्यरात्री डिलिव्हरी' अशीही एक सोय होती, जादा पैसे भरून. रात्री बारा वाजता एरंडोलच्या गल्लीत अनोळखी माणूस दार वाजवायला लागला तर गावची कुत्री त्याचं काय करतील हे डोळ्यांसमोर आलं, आणि दुपारची वेळ निवडली. निरोपाच्या चौकटीत 'फुई, उदंड आयुष्य लाभो' असं मराठीत लिहिलं. फोन नंबर फुवांचा, म्हणजे फुईच्या नवऱ्याचा दिला, कारण फुईचा मोबाइल कायम धान्याच्या कोठीवर असतो आणि वाजला की ती तो पदराने पुसून परत तिथेच ठेवते.

फुलं जळगावहून निघणार होती. डच गुलाब आणि जरबेरा. आता हे डच गुलाब बहुधा आमच्याच मावळातले, तळेगावकडच्या पॉलिहाऊसमधले असणार. म्हणजे माझ्या घरापासून तासाभराच्या आत उगवलेली फुलं रात्रभर प्रवास करून जळगावला जाणार, आणि तिथून परत माझ्या खर्चाने एरंडोलला. असा गुलाब काढल्यापासून 2 ते 4 अंशांत ठेवावा लागतो म्हणतात. त्या दिवशी तिकडे खान्देशात पारा 44 ला टेकला होता. थंडाव्यात लाडात ठेवलेली ती लेकरं एका पोराने मोटरसायकलवर बांधली आणि गिरणेचा पूल, बांभोरी, पाळधी असं करत लू खात तिसेक किलोमीटर आणली. पोचेपर्यंत तो पोरगाच अर्धा वाळला असावा.

दुपारी एकच्या सुमाराला त्याचा फोन आला. "सर, ते बाबा ओटीपी देत नाहीत."

फुवा गावातले जाणते शेतकरी आहेत. पंधरा दिवसांपूर्वीच बँकेच्या माणसाने त्यांना बजावलं होतं की मोबाइलवर आलेला नंबर प्रत्यक्ष ब्रह्मदेवाने मागितला तरी द्यायचा नाही. फुवांनी ते मनावर घेतलं होतं.

मी त्यांना फोन केला. "फुवा, मीच पाठवलीत फुलं. ओटीपी सांगा त्याला."

"कशावरून तू बोलस?"

"आवाज ओळखा ना!"

"आवाज काढता येतो आजकाल. तुनी आजीनं माहेर कोनतं?"

"धरणगाव."

थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "हाई ते सर्‍या गावले माहीत शे."

पुढची परीक्षा बरीच लांबली. आमच्या जुन्या बैलजोडीची नावं विचारून झाली, 'वाटणीच्या वेळी बांध कोणी कोरला' हेसुद्धा विचारून झालं (याचं उत्तर मी मुद्दाम मोघम दिलं, ते प्रकरण अजून थंड झालेलं नाही). मी सगळ्यात पास झालो, पण ओटीपी मिळाला नाही. "बँकवाला सांगी गया, कोनले देवाना नई. कोनले म्हंजे कोनले." आदरातिथ्यात मात्र फुवा कमी पडले नाहीत. पोराला घरात बोलावून पंख्याखाली बसवलं, माठातलं पाणी दिलं, शेव आणि केळी पुढे ठेवली. पण ओटीपीशिवाय माल द्यायची त्याला परवानगी नव्हती आणि ओटीपी द्यायची फुवांना नव्हती. त्यामुळे पोरगा सावलीत शेव खात होता आणि गुच्छ बाहेर गाडीच्या सीटवर उन्हात होता.

शेवटी झोपमोड झालेली फुई उठली. तिने फुवांच्या हातातून मोबाइल हिसकावला, ओट्यावर जाऊन उभी राहिली आणि चारही आकडे अख्ख्या गल्लीला ऐकू जातील असे मोठ्याने वाचले. गल्ली जागी झाली.

यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत कळलं. काही फुईकडून, काही चुलत भावाकडून, बरंचसं नातीकडून, आणि तिने ते रागाने सांगितलं.

गुच्छ घरात आला तेव्हा जरबेऱ्याच्या पोकळ दांड्या मोडून फुलं खाली बघत होती. गुलाबाच्या कळ्या मिटल्या त्या मिटल्याच. फुवांनी चष्मा लावून एक कळी उलटसुलट पाहिली आणि गंभीर झाले. "हाई डोमकळी शे रे भो." गुलाबी बोंडअळी कपाशीच्या फुलात शिरली की पाकळ्या आतून जुळवून टाकते, फूल उमलतच नाही, बाहेरून गुलाबाच्या कळीसारखं दिसतं. त्यालाच डोमकळी म्हणतात. ती दिसली की तोडून अळीसकट नष्ट करायची, असं कृषी खात्याची माणसं दर हंगामात शेतकरी मेळाव्यात घसा कोरडा करून सांगतात. फुवांनी बँकेचं ऐकलं होतं, मग कृषी खात्याचं कसं ऐकणार नाहीत? त्यांनी मिटलेली एकूण एक कळी खुडली, उकलून तपासली आणि चुलीत टाकली. अळी एकातही निघाली नाही. "फवारेल दिसस," असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि पॉलिहाऊसचा गुलाब म्हटल्यावर तो चुकीचा नसावा.

उरलेली फुलं देवाला वाहायला फुईने घेतली, नाकाशी नेली, अन् वास नाही म्हणून बाजूला ठेवली. जास्त दिवस टिकावा म्हणून निवडत निवडत वाढवलेल्या गुलाबाचा वास बहुतेक हरवलेला असतो, हे मी फोनवर समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मंग देवले काय दांड्या वाहू?" वर ऐकवलं, "फुलंच देखानी व्हतीत ते पद्मालयले लई चाल ना माले!" तेही खरंच. गावापासून थोड्याच अंतरावर डोंगरात पद्मालय आहे, गणपतीपुढे कमळांनी भरलेलं तळं आहे, आणि तिथे ओटीपी लागत नाही.

गुच्छाखालची, दांड्या खोचायची हिरवी ओली वडी साबण समजून सून भांड्यांना घेऊन बसली. तिचा भुगा झाला. मराठीत लिहिलेल्या माझ्या निरोपाच्या जागी कार्डावर नुसते चौकोन उमटले होते; खूण कुठल्या चौकोनात करायची, असं फुवांनी त्या पोरालाच विचारलं.

इकडे गल्ली कामाला लागली होती. भरदुपारी मोटरसायकलवर फुलं आली म्हणजे काहीतरी घडलंय. समोरच्या काकू डोक्यावर पदर घेऊन, चेहरा पाडूनच आल्या. "काय जायं वं? कोन गयं?" फुई म्हणाली, "कोनी नई गयं, मी जित्ती शे ना!" मग फुवा पतसंस्थेच्या निवडणुकीला उभे राहिले असावेत अशी शंका निघाली आणि त्यांनी ती नको इतक्या उशिरा खोडली. पण चिकटली ती तिसरीच. फुईची नात जळगावला इंजिनिअरिंगला आहे आणि फुलं जळगावहूनच आली होती. पोराकडच्यांनी पाठवली, म्हणजे जमलं!

संध्याकाळपर्यंत अमळनेरहून फोन आला. "जमलं म्हणे? आम्हाला कळवलंसुद्धा नाही?" मग पारोळ्याहून. मग चोपड्याहून, तो तर रडवेलाच. फुई सगळ्यांना खरं सांगत राहिली आणि सगळे ते 'अजून बाहेर फोडायचं नाही' असं समजून ऐकत राहिले. अमळनेरच्या मावशींना तेवढं ते पटलं. त्या म्हणाल्या, "खरंच नाही ना जमलं? मग आमच्या पाहण्यात एक मुलगा आहे." मुलगा नाशिकला नोकरीला, घरची केळीची बाग, पत्रिका येत्या रविवारी घेऊन येतात. नातीने मला ब्लॉक केलं आहे.

फुई मात्र खूश आहे. परवा तिचा आपणहून फोन आला, तोही सकाळी सहाला. गुच्छाभोवती तो पारदर्शक कागद होता ना, तो तिने धुऊन धाब्यावर पसरला आणि त्यावर ज्वारीचे बिबडे घातले. एकही बिबडा चिकटला नाही, एकही फाटला नाही. साडीवर घातले तर निम्मे फाटतात.

"फुलं नको धाडू," ती म्हणाली, "पन त्यानापेक्षा मोठा कागद भेटस का रे?"