रिव्ह्यूला उत्तर : मशीन का बंद पडलं आणि त्यात आमचं काय चुकलं

नमस्कार दादा, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की आमच्याकडून घेतलेलं जुनं व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं उभं मिलिंग मशीन) सुरू करताच नुसते अलार्म आले, बोअर (मोठं अचूक भोक) मारला तर गोल येत नाही, बॅकलॅश (दिशा उलटी केली की टेबल हलण्याआधी स्क्रू रिकामा फिरतो तो ढिलेपणा) आम्ही लपवला, वरून इंजिनियरचे ३००० रुपये वेगळे घेतले आणि फोनवर आमचा मुलगा तुमच्याशी नीट बोलला नाही. शेवटच्या दोन गोष्टींत मला काहीच म्हणायचं नाही, चूक आमचीच. पैसे आजच परत टाकतोय आणि तो मुलगा स्वतः तुम्हाला फोन करेल.

आता अलार्मचं. तुमच्या मशीनला फॅनुक झिरो-एम कंट्रोल (मशीन चालवणारा कॉम्प्युटर) आहे, त्याचे पॅरामीटर म्हणजे सेटिंगचे आकडे ज्या मेमरीत असतात ती मशीन बंद असताना सेलवर जिवंत राहते, टॉर्चमध्ये घालतो तसले मोठे ३ सेल. तुमचं थ्री फेज कनेक्शन यायला ५ आठवडे लागले, तोवर मशीन शेडमध्ये बंद उभं आणि सेल आधीच उतरलेले, झालं, मेमरी गेली. टेबल कुठवर जायचं, होम (जिथून माप सुरू होतं ती जागा) कुठे, टूल कुठे बदलायचा सगळं त्यातच असतं म्हणून मशीन मेल्यासारखं वाटलं, लोखंडाला काही झालं नव्हतं. आमच्या लॅपटॉपवर बॅकअप होता, आरएस-२३२ ही डेटाची केबल लावून एका दुपारीत परत चढवला. पण हे सेल वर्षाला बदलायचे आणि तेही कंट्रोल चालू ठेवूनच, बंद करून काढले की परत तेच, हे डिलिव्हरीच्या दिवशी मी सांगायला हवं होतं, नवे सेल टाकूनच द्यायला हवं होतं. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) १८ वर्षं हाच धंदा करतोय, येणारे बहुतेक जण आधीपासून मशीन चालवणारे असतात म्हणून आम्ही बोलायचं राहून जातं, पण तुम्ही तर पहिल्याच दिवशी चहा घेताना सांगितलं होतं की हे पहिलंच मशीन आहे. मला वाईट वाटलं ते याचंच. पॅरामीटरची प्रिंट आणि बॅकअपचा पेनड्राइव्ह देतोय, प्रिंट कॅबिनेटच्या दारामागे लावून ठेवा.

पण बॅकलॅश लपवला हे मी मान्य करणार नाही. तुमच्यासमोर कॉम्पेन्सेशन (बॅकलॅश भरून काढायला कंट्रोलमध्ये टाकतो तो आकडा) शून्य करून डायल (हालचाल मोजणारं काट्याचं मीटर) लावला होता, हँडव्हील एका खटक्याला ०.०१ मिमी वर ठेवून टेबल एका दिशेने नेलं आणि उलटं फिरवलं, वाय अक्षाला (टेबल पुढे-मागे जातं ती दिशा) मधोमध ४ खटके गेले तेव्हा कुठे काटा हलला, टोकाला २ मध्येच हलला. रोजचं काम मध्येच होतं म्हणून टेबल ढकलणारा बॉलस्क्रू मध्येच जास्त घासतो, आणि म्हणूनच मधला आकडा कॉम्पेन्सेशनला टाकून हे पूर्ण निघत नाही, मध्ये बरोबर आलं तर टोकाला जास्त होतं. हे सगळं बोलूनच भाव ४०,००० रुपयांनी खाली आणला होता, तेव्हा तुमचं काम ब्रॅकेटला ड्रिल मारायचं होतं, त्याला हे चालतं. आता तुम्ही बेअरिंगचा बोअर एंडमिल (बाजूने कापणारं टूल) टेबल हलवून गोल फिरवून काढताय, वाय अक्ष जिथे उलटा फिरतो त्या दोन जागी पायरी दिसणारच. तो बोअर बोरिंग बारने (एका कडेने भोक मापात मोठं करणारं टूल) मारा, तिथे टेबल हलतच नाही, स्पिंडल फिरत खाली येतो तेवढंच. बार नसेल तर आमच्याकडे बीटी-४० मापाच्या होल्डरचा पडलाय, काम होईपर्यंत वापरा, पैसे नकोत.

लेव्हलचं तुम्ही लिहिलं नाहीत पण फोटोत दिसतंय, साडेतीन टनाचं मशीन नव्या कोब्यावर थेट टेकवलंय. शनिवारी आमचा माणूस ०.०२ ची लेव्हल (मीटरला ०.०२ मिमी उतार दाखवणारी) घेऊन येतोय, त्याआधी चारही पायांखाली जाड लोखंडी प्लेटा टाकून ठेवा, नाहीतर लेव्हल केलेली आठवड्यात परत हलेल.