गिळलं म्हणजे मारलं असं नाही

नमस्कार. पांढऱ्या पेशी आणि चिखलातले जंतू यांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया पोचली. पांढऱ्या पेशी जंतू खातात ही शाळेतली गोष्ट मी उगाळली, पू म्हणजे नासकं रक्त, ते वाहून गेलेलं बरं, आणि गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात भाताच्या चिखलात अनवाणी राबलेल्या तुमच्या आजोबांना कधी काही झालं नाही, मग लोकांना घाबरवता कशाला, असं तुम्ही विचारलंय.

आधी पुवाबद्दल. त्यात नासकं रक्त नसतं, लढून मेलेल्या न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) पेशी असतात. त्याची हिरवट झाक बहुधा त्यांच्यातल्या मायलोपेरॉक्सिडेज या एन्झाइमची. हेच एन्झाइम जंतू मारण्याच्या कामी येतं.

शाळेतली गोष्ट गिळण्यापाशी थांबते, प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये तारामाशाच्या अळीत काटा खुपसून पेशी गोळा होताना पाहिल्या तिथेच. खरा मामला त्यानंतरचा. गिळलेला जंतू पेशीच्या आत एका बंद पिशवीत अडकतो. पेशी एकाएकी भरमसाट प्राणवायू ओढते, त्याचं सुपरऑक्साइड हे जहाल रूप करते, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, आणि मायलोपेरॉक्सिडेज त्यातून हायपोक्लोरस आम्ल तयार करतं. बावीत ब्लीचिंग पावडर टाकल्यावर पाण्यातले जंतू मारतं ते हेच आम्ल! काही मुलांमध्ये सुपरऑक्साइड बनवणारं एन्झाइम जन्मतःच निकामी असतं. त्यांच्या पेशी स्टॅफिलोकॉकस हा गळवं करणारा जंतू व्यवस्थित गिळतात, पण मारू शकत नाहीत. त्या लेकरांना पुन्हापुन्हा गळवं होतात, यकृतातसुद्धा. म्हणून मी 'खातात' एवढ्यावर थांबलो नव्हतो.

आजोबांच्या पेशींनी कितीतरी वेळा बाजी मारली असणार, त्याबद्दल शंका नाही. पण मेलिऑइडोसिस या गंभीर आजाराचा जंतू ओल्या मातीतच राहतो, पावसाळ्यात पायाच्या जखमेतून शिरतो, गिळला गेला तरी पिशवी फोडून निसटतो आणि त्याच पेशीत वाढतो. खाली कर्नाटकातल्या उडुपी-मणिपालच्या डॉक्टरांना तो चांगला ओळखीचा आहे. सर्वांत जास्त धोका मधुमेहींना, कारण साखर चढलेली असली की न्यूट्रोफिलची मारण्याची ताकद घटते.

तुमच्या घरातून आता शेतात कोण उतरतं? साखर असेल तर गमबूट घालायला लावा, जखम झाकायला सांगा. ताप हटत नसेल तर चिखलात काम केल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकना हा जंतू दाद देत नाही, त्यामुळे औषध निवडताना ही माहिती त्यांना लागते.