काका, कावळा आणि कोटा

पितृपक्षात पक्याला धंदा नसतो. पंधरा दिवस कोणी फ्लॅट बघायला येत नाही, त्यामुळे 2024 च्या सप्टेंबरातल्या त्या संध्याकाळी साडेसहालाच कट्ट्यावर हजर. गणपतीच्या मंडपाचे बांबू अजून गल्लीच्या तोंडाशी तसेच पडलेले, त्यावरच बसला होता. नंदू आधीपासून होता. नंदू बेस्टमधून रिटायर झाल्यापासून तसा कायमच असतो.

देसाई फोर्टहून आले ते पेपरची घडी नेमक्या बातमीवर करूनच. देसाई सॉलिसिटरच्या ऑफिसात क्लार्क. एलएलबीला दोनदा बसले आणि दोनदा उठले, पण लालबागमध्ये आम्ही त्यांना वकीलसाहेब म्हणतो आणि त्यांना ते खरं वाटतं.

"वाचलंत? सुप्रीम कोर्टात सरन्यायाधीश चंद्रचूडसाहेबांनी पंजाब सरकारला कसं झोडलं ते? सरळ फ्रॉड म्हणाले. पैसे कमवायचं यंत्र म्हणाले. शेवटी मराठी माणूस!"

"वाचलं," नंदू म्हणाला. "मेडिकलचा एनआरआय कोटा परदेशातल्या भारतीयांच्या पोरांसाठी. त्यात पंजाबने परदेशातले काका घेतले, मामा घेतले, मावशी-आत्या घेतल्या. शेजारी तेवढे राहिले."

"पण का घेतले?" पक्या म्हणाला. "खरे एनआरआय येत नाहीत. जागा रिकामी ठेवायची का?"

"आपण गच्चीवर पान ठेवून काव काव करतो," नंदू म्हणाला, "ते कॉलेजच्या गेटवर काका काका करतात. फरक एवढाच, की त्यांचा काका टोरांटोहून यावा लागतो आणि येताना डॉलर आणावे लागतात. शिवला की सुटले."

देसाईंनी घसा साफ केला. "मुळात..."

"मुळात नको वकीलसाहेब. शेंड्यावरून बोला, सात वाजतायत."

पण देसाई मुळाशी गेल्याशिवाय राहत नाहीत. सुप्रीम कोर्टाचे निकाल एकामागून एक. 1992, मोहिनी जैन, कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठीची देणगी, बेकायदा. 1993, उन्नीकृष्णन, निम्म्या जागा फ्री, निम्म्या पेमेंट. 2002 ला टीएमए पै, उन्नीकृष्णनची योजना मोडीत. "अकरा न्यायमूर्ती! अकरा!" त्यांनी दोन्ही हातांची बोटं दाखवली, अकरावं दाखवायला उजवा हात वर नेला आणि खांदा धरून कळवळले. कटिंग पक्याच्या पँटवर. तरी थांबले नाहीत. 2003 ला पाच न्यायमूर्ती बसले, प्रवेशावर एक आणि फीवर एक अशा कमिट्या नेमा म्हणाले, अध्यक्ष हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती. 2005 ला आपल्या महाराष्ट्राचं इनामदार प्रकरण, सात न्यायमूर्ती.

"अकरा म्हणजे क्रिकेट," नंदू म्हणाला. "सात म्हणजे कबड्डी. मधले पाच कोण?"

"पंच," मी म्हणालो.

देसाई आमच्याकडे न बघता पुढे. "आणि हा पंधरा टक्के एनआरआय कोटा इनामदारमधूनच आला. पण कोर्टाने अटी घातल्या होत्या. जागा खऱ्या एनआरआयलाच, आणि त्यातून येणारा पैसा गरीब घरच्या पोरांसाठी वापरायचा. लिहिलंय निकालात!"

"वापरला?"

"लिहिलंय, म्हटलं ना."

"मी विचारतोय वापरला का."

देसाईंनी पेपर पुन्हा उघडला, जणू उत्तर आतल्या पानावर असेल. ते नाही म्हटल्यावर गाडी 86 सालात नेली. मुलीच्या एमडीच्या गुणांवरून हायकोर्टाने ताशेरे ओढले आणि निलंगेकरांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. "हा दरारा असतो कोर्टाचा!"

"मुख्यमंत्री हलवता येतो रे," नंदू म्हणाला. "संस्थाचालक हलवून दाखव."

यावर पक्या उखडला. त्याचं कारण कट्ट्याला माहीत आहे. त्याचा मुलगा एका अभिमत विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे. अभिमत म्हटल्यावर राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण तिथे पोचत नाही. फी किती ते पक्याने कधी सांगितलं नाही, पण डोंबिवलीची खोली गेली ते सगळ्यांना माहीत आहे.

"तुम्हाला संस्थाचालक म्हटला की चोरच दिसतो. हॉस्पिटल बांधायचं, प्रोफेसर ठेवायचे, पेशंट आणायचे, हे काय प्रसादाच्या पैशात होतं? 83 साली वसंतदादांनी खाजगी कॉलेजांना परवानगी दिली नसती तर आपली पोरं अजून कर्नाटकात ट्रंका घेऊन गेली असती. आणि मी सांगतो, माझ्या पोराची सगळी फी चेकने. एक रुपया कॅश नाही."

ट्रंकेचं खरं आहे. माझा मावसभाऊच गेला होता. नंदूसुद्धा क्षणभर गप्प बसला.

मग म्हणाला, "तेच तर झालंय पक्या. पूर्वी बाप बॅग घेऊन जायचा, मान खाली घालून. आता डीडी घेऊन जातो, मान वर करून. खोली तेव्हाही विकायचा, आताही विकतो. तीस वर्षं कोर्टाने देखरेख केली आणि आपल्याला पावती मिळवून दिली."

"पावती ही मोठी गोष्ट आहे," देसाई म्हणाले. आयुष्य पावत्या लावण्यात गेलेल्या माणसाने हे म्हटल्यावर काय बोलणार?

"मी कंडक्टर होतो वकीलसाहेब, पावतीचं मला सांगू नका. चेकर कधी चढतो? डेपोत बसून राहील, पण गाडी सुटेपर्यंत चढणार नाही. लालबागला पोरं फुकट घुसली, चेकर चढला पोयबावडीला, तोवर ती खाली. हातात सापडतो कोण, तर ज्याचं तिकीट पावसात भिजलंय तो."

"चूक!" देसाई उभे राहिले. "केरळात 180 जणांचे प्रवेश बेकायदा ठरवले. सरकारने त्यांना वाचवायला वटहुकूम काढला. 2018 ला सुप्रीम कोर्टाने तो वटहुकूमसुद्धा उडवला. याला म्हणतात चेकर!"

"प्रवेश कोणत्या सालचे?"

"सोळा-सतराचे."

"म्हणजे दोन वर्षं. फी परत मिळेल एखाद वेळेस. वय कोण परत देणार, तुमचा सॉलिसिटर?"

2016 साल निघालं की नंदूचा आवाज बदलतो. त्या वर्षी त्याची सोनल बारावीला होती. स्टेट बोर्डाची पुस्तकं पाठ. 28 एप्रिलला सुप्रीम कोर्ट म्हणालं, नीट, म्हणजे देशभर एकच मेडिकल परीक्षा, याच वर्षी. 5 मेला तिने राज्याची सीईटी दिली, ती चालणार की नाही हे न कळता. 24 मेला केंद्राचा वटहुकूम, सरकारी जागा त्या वर्षापुरत्या सीईटीने. खाजगी कॉलेजला मात्र नीटच, तीही 24 जुलैला. अडीच महिन्यांत तिने दुसरा अभ्यासक्रम डोक्यात कोंबला.

मी त्या दिवशी त्याच्याबरोबर सेंटरवर गेलो होतो. गेटवर पोरींना कानातलं काढायला लावत होते. सोनलने एक बारीक रिंग काढली, दुसरी निघेना. मागची रांग ओरडायला लागली, शेवटी नंदूने थुंकी लावून ती फिरवून काढली. दोन्ही रुमालात गुंडाळून वरच्या खिशात ठेवल्या आणि तीन तास खिशावर हात. बसच्या गर्दीत कॅशबॅगवर ठेवायचा तसाच.

सरकारी थोडक्यात हुकलं. खाजगीत यादीत नाव आलं, फीचा आकडा बघून नंदू म्हणाला, "आपला स्टॉप नाही हा, बेटा." सोनल फिजिओ झाली. आता परळला नोकरी करते आणि संध्याकाळी चाळीतल्या म्हाताऱ्यांचे गुडघे बघते.

"मी कोर्टाला शिव्या नाही देत," नंदू म्हणाला. "नीट आली हे बरंच झालं. नाहीतर प्रत्येक संस्थेची वेगळी परीक्षा आणि वेगळा काका. पण परीक्षा एक केली, ते दार सांभाळलं. तिजोरीचं काय?"

"त्यासाठी 2015 चा कायदा आहे राज्याचा. प्रवेश आणि शुल्क विनियमन..." देसाई सुरू झाले.

"वकीलसाहेब, तुम्ही पास झाला असतात तर आज कोणत्या बाजूने उभे राहिला असतात?" पक्याने विचारलं. पँटवरचा चहा त्याच्या मनातून गेला नव्हता.

"फी देईल त्याच्या," नंदू म्हणाला.

देसाई चिडले. कट्ट्यावर शिक्षणाची किंमत नाही, अडाण्यांना निकाल सांगून उपयोग नाही, असं बरंच बोलले. बोलताना उजवा हात नेहमीसारखा हवेत न्यायला गेले, तो छातीपर्यंतच गेला. फ्रोझन शोल्डर. पेपर डाव्या काखेत घेतला, चार पावलं गेले, थांबले.

"नंदू, सोनल आलीय का रे घरी?"

"आलीय. कालचे व्यायाम केलेत का विचारेल. खोटं बोलू नका, तिला हात लावल्यावर कळतं."

"किती घेते हो तुमच्याकडून?" पक्याने हळूच विचारलं.

"माझ्याकडून कसले पैसे? लहानपणापासून काका म्हणते मला."

नंदूला चहाचा ठसका लागला. मी त्याच्या पाठीवर थापट्या मारत होतो आणि पक्या बांबूवर उभा राहून, तोंडाशी हाताचा भोंगा करून गल्लीभर ओरडत होता, "फ्रॉड आहे हा! बंद झालाच पाहिजे! वकीलसाहेब, पासपोर्ट दाखवा!"

देसाईंनी मागे न बघता डावा हात हलवला आणि नंदूच्या चाळीचा जिना चढायला लागले.