आधी रसायनशास्त्र, मग पर्यावरण? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

पर्यावरणशास्त्राची पदवी कोणी घ्यावी, या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि आवाज न चढवता लिहिलंत. उत्तर प्रतिक्रियांच्या चौकटीत मावेना, म्हणून स्वतंत्र टाकतोय. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा गोषवारा: तुम्ही बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवता. पर्यावरणशास्त्र हा मुळात स्वतंत्र विषयच नाही, चार विषयांची तोंडओळख एका दोरीत बांधून दिलेली पदवी आहे, असं तुमचं मत. उंचावरचा ओझोनचा थर कशाने विरतो, हा प्रश्न रोलंड आणि मोलिना यांनी सोडवला तो रसायनशास्त्रज्ञ म्हणून. तेव्हा आधी एक शास्त्र पक्कं करावं, पर्यावरण मागाहून जमतं. या पदवीतून बाहेर पडलेले एक तर अहवाल चिकटवतात, नाहीतर घोषणा देतात. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की तुमची एक हुशार विद्यार्थिनी माझा लेख वाचून रसायनशास्त्र सोडायच्या विचारात आहे. त्या ओळीमुळे मला हे लिहायला बसावं लागलं.

ओझोनपासूनच सुरुवात करू. उदाहरण तुम्ही निवडलंत, पण ते माझ्याही कामाचं आहे.

१९७४चा रोलंड-मोलिना यांचा निबंध रसायनशास्त्राचा होता, वादच नाही. त्यामागचा प्रश्न मात्र वेगळीकडून आला. क्लोरोफ्लुरोकार्बन (तेव्हा फ्रिजमध्ये आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरले जाणारे वायू) कशाशीच अभिक्रिया करत नाहीत, हा तोवर त्यांचा गुण मानला जायचा. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी जहाजावरून अटलांटिकभर हवा मोजली, तेव्हा हा माणसाने बनवलेला वायू जिथे मोजाल तिथे सापडला. मग तो शेवटी जातो कुठे, हे रोलंड यांनी विचारलं. वर स्थितांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरात, अतिनील किरणांनी तो फुटतो, क्लोरीन सुटतो आणि ओझोनच्या मागे लागतो, हे उत्तर तुमच्या शास्त्राचं. पण त्या गणितातून निघत होती ती ओझोनची संथ, थोडीथोडकी घट. १९८५ साली ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या फारमन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी अंटार्क्टिकातल्या हॅली तळावरच्या नोंदी छापल्या, त्यात दर वसंतात ओझोन कोसळताना दिसत होता. वायूंच्या आपसांतल्या अभिक्रियांत हे बसेना. ध्रुवावरच्या हिवाळ्यात वाऱ्यांचा भोवरा हवा कोंडून धरतो, तापमान उणे ७८ अंश सेल्सिअसच्याही खाली जातं, तिथे ढग बनतात, आणि त्या ढगांच्या कणांवर निद्रिस्त क्लोरीन जागा होतो. सूर्य उगवला की त्याचं काम सुरू. पृष्ठभागावरची अभिक्रिया हेही रसायनशास्त्रच, असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबर आहे. पण ती तिथेच का, त्याच महिन्यांत का आणि उत्तर ध्रुवावर इतकी का नाही, हे हवामानशास्त्राला विचारल्याशिवाय कळत नाही. रोलंड यांच्या पिढीने ते दुसरं शास्त्र अर्ध्या वयात शिकून घेतलं, कारण त्यांच्या तरुणपणी ही दोन शास्त्रं एका वर्गात शिकवणारे विभाग जवळजवळ नव्हतेच. आज आहेत.

दुसरं उदाहरण मी मूळ लेखात लांबी वाढेल म्हणून घेतलं नव्हतं, ते इथे घेतो. तळ्यांवर शैवालाचा हिरवा थर का चढतो, यावर १९६०च्या दशकात कडाक्याचं भांडण होतं. दोषी कोण, डिटर्जंटमधला फॉस्फरस की कार्बन? तळ्याचं पाणी बाटलीत घेऊन केलेल्या काही प्रयोगांत कार्बन घातला की शैवाल वाढायचं. साबणवाल्यांना हा निष्कर्ष फार आवडला, हे सांगायला नकोच. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी मग अख्खी तळीच प्रयोगाला घेतली. २२७ क्रमांकाच्या तळ्यात १९६९पासून नायट्रोजन आणि फॉस्फरस घातला, कार्बन अजिबात नाही. तरी शैवाल माजलं, कारण लागेल तेवढा कार्बन हवेतून पाण्यात उतरत होता. १९७३ साली २२६ क्रमांकाचं तळं प्लास्टिकच्या पडद्याने मधोमध दुभागलं. कार्बन आणि नायट्रोजन दोन्हीकडे, फॉस्फरस फक्त एकीकडे. ती बाजू हिरवीगार झाली, दुसरी झाली नाही. विमानातून काढलेला त्या तळ्याचा फोटो या विषयाच्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेला असतो.

बाटलीवाल्यांचं रसायनशास्त्र कच्चं नव्हतं. बाटली बंद होती आणि तळं उघडं असतं, एवढाच फरक. तो फरक कधी महत्त्वाचा आणि कधी नगण्य, हे ओळखायला तीन वर्षं शिकवणं म्हणजे तोंडओळख, असं मला नाही वाटत.

आता आर्सेनिक. यावर जरा जास्त लिहिणार आहे, कारण मला विचाराल तर पर्यावरणशास्त्र कशासाठी, याचं यापेक्षा बोलकं उदाहरण नाही. बांगलादेशात १९७०च्या दशकापासून मोठ्या संख्येने कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू चांगला होता: तळ्या-नाल्यांच्या पाण्याने मुलं अतिसाराने मरत होती आणि जमिनीखालचं पाणी जंतूंच्या दृष्टीने स्वच्छ होतं. नळी खणणाऱ्याने आपलं काम चोख केलं, डॉक्टरनेही केलं. १९९२ साली ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने तिथल्या काही भागातलं भूजल तपासलं, त्यात कितीतरी मूलद्रव्यं मोजली. आर्सेनिक मोजलं नाही, आणि नेमकं तेच विष तिथल्या पाण्यात होतं. पुढे त्यावरून इंग्लंडात खटला चालला आणि २००६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, निकाल दिला की पाणी पिणाऱ्या त्या लोकांप्रती संस्थेची कायदेशीर जबाबदारी बनत नाही. कायद्याचं कायद्यापाशी. मला त्यात दिसते ती मोजमापाच्या यादीतली एक रिकामी जागा. उपकरणं होती, माणसंही तरबेज होती.

हे आर्सेनिक कुठल्या कारखान्यातलं नाही. नद्यांनी हिमालयातून वाहून आणलेल्या गाळाच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचं पूट असतं आणि त्याला ते चिकटलेलं असतं. गाळात पुरलेल्या सेंद्रिय द्रव्यावर जगणारे जिवाणू, ऑक्सिजन संपला की श्वसनासाठी लोहाकडे वळतात. पूट विरघळतं, आर्सेनिक पाण्यात मोकळं होतं. म्हणून शेजारशेजारच्या दोन नळ्यांचं पाणी वेगळं निघतं आणि खोलवरच्या जुन्या वाळूतलं पाणी बहुतेकदा बरं असतं. इथे भूगर्भशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि तुमचं रेडॉक्स (इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीचं रसायन) एका वाक्यात आले, मी मुद्दाम आणले नाहीत. पुढे तेच पाणी भातखाचरांना जातं. खाचरात पाणी साचलं की तिथेही ऑक्सिजन संपतो, आर्सेनिकचं आर्सेनाइट हे रूप तयार होतं. तुम्हाला हे आवडेल: आर्सेनाइट सिलिसिक आम्लासारखं दिसतं, आणि भाताची मुळं सिलिका आत घेण्याच्या वाटेनेच त्यालाही आत घेतात. म्हणजे पिण्याचं पाणी सुधारलं तरी ताटातलं राहिलंच. उथळ उघड्या विहिरींकडे परत जावं तर आर्सेनिक घटतं आणि जंतू परततात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, बांगलादेशची ५०. या दोन आकड्यांच्या मधलं पाणी पिणाऱ्याला काय सांगायचं? एकाच विषयात मुरलेला माणूस यातल्या एका कडीवर माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं काम करेल, पण साखळी कुणीतरी धरायला हवी.

धरणाऱ्याला प्रत्येक कडीचं थोडं थोडंच येत असेल तर साखळी निसटते, हा तुमचा मुद्दा आणि तो मला शंभर टक्के मान्य आहे. आपला वाद खोलीविषयी नाहीच. खोली फक्त एकाच दिशेने असते, हे मला मान्य नाही.

माझ्या मते खोली कशाला म्हणायचं, ते पहिल्या वर्षाच्या एका साध्या प्रात्यक्षिकावरून सांगतो. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप. नमुना पाच दिवस २० अंशांवर ठेवायचा आणि ऑक्सिजन किती घटला ते मोजायचं. तुमचा विद्यार्थी विंकलरचं अनुमापन (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याची पद्धत) माझ्या विद्यार्थ्यापेक्षा देखणं करेल, पैज लावायला तयार आहे. आता समजा कारखान्याच्या सांडपाण्याचा बीओडी कमी आला आणि सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) भलता जास्त. कमी बीओडी म्हणजे स्वच्छ पाणी, असं वाचणारा फसला. कदाचित त्या पाण्यात न कुजणारी रसायनं आहेत, कदाचित ते इतकं विषारी आहे की बाटलीतले जिवाणूच मेले. मग नमुना आणखी पातळ करून पुन्हा लावायचा; पातळ केल्यावर हिशेबाने बीओडी वाढत गेला, तर विषाचा संशय बळावतो. किंवा शैवालाने भरलेलं तळं घ्या. सकाळी अकराला पाण्यात ऑक्सिजन संपृक्ततेच्याही वर, कागदावर सुरेख. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडतायत, कारण रात्रभर त्याच शैवालाने श्वसन करून ऑक्सिजन खाल्ला. नमुने घेणारी माणसं कार्यालयीन वेळेत जातात, त्यामुळे असली तळी वर्षानुवर्षं ‘उत्तम’ या रकान्यात बसून राहतात. दोन्ही ठिकाणी मोजमाप अचूक आहे, चुकते ती वेळ आणि वाचन. नमुना कुठे, कधी, किती घ्यायचा, शोधमर्यादेखालच्या, म्हणजे उपकरणाला ओळखता येईल त्याहून कमी, आकड्यांचं काय करायचं (सरसकट शून्य लिहिणारे अहवाल मी वाचलेत), दोन ठिकाणांतला फरक खरा की योगायोग, यासाठी संख्याशास्त्र लागतं आणि ते भरपूर लागतं. या पदवीचा कणा तोच, आणि विद्यार्थी सगळ्यात जास्त कुरकुरतात तेही त्यावरच.

घोषणांबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यावर फार बोलत नाही. घोषणा घेऊन येणारी मुलं येतात, हे खरं. पण अभ्यासक्रम धड असेल तर पहिल्या दोन वर्षांत त्यांचा चांगलाच हिरमोड होतो. नैसर्गिक गवताळ प्रदेशात झाडं लावणं हे त्या परिसंस्थेचं नुकसान असतं. झाडं आयसोप्रीन नावाचा वायू सोडतात आणि वाहनांच्या नायट्रोजन ऑक्साइडसोबत उन्हात त्यापासून जमिनीलगतचा ओझोन बनायला मदत होते. लाकडाचा ‘नैसर्गिक’ धूर फुप्फुसाला डिझेलच्या धुराइतकाच परका. कापडी पिशवीचा जन्मापासून अंतापर्यंतचा हिशेब मांडला, तर ती खूप वेळा वापरल्याशिवाय प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा बरी ठरत नाही. ज्याला नुसता जयजयकार करायचा आहे त्याच्यासाठी हा विषय फार गैरसोयीचा आहे.

चिकटवलेले अहवाल? आहेत. एका प्रकल्पाची प्राण्या-पक्ष्यांची यादी दुसऱ्या प्रकल्पात, एका ऋतूचं मोजमाप वर्षभराचं म्हणून. प्रकल्पाचा परिणाम आधी तपासण्याची पद्धत अमेरिकेच्या १९६९च्या कायद्यातून जगभर पसरली आणि अहवालाचा खर्च बहुतेक ठिकाणी प्रकल्पवालाच देतो. सडण्याची जागा तिथे आहे. तिथे रसायनशास्त्राचा पदवीधर बसवलात तरी तोही चिकटवायला शिकेल. नोकऱ्यांविषयी तुम्ही लिहिलंत ते देशागणिक बदलतं, त्यावर सरसकट विधान मी मूळ लेखातही टाळलं होतं.

आता तुमची विद्यार्थिनी. माझा लेख वाचून निर्णय घेतला असेल तर तिला थांबवा. लेखावरून निर्णय घेऊ नये. तिला जिथे प्रवेश घ्यायचा आहे त्या विभागाचा पूर्ण अभ्यासक्रम काढायला सांगा आणि तुम्ही दोघं मिळून वाचा. भौतिक आणि विश्लेषणात्मक रसायनशास्त्र पहिल्या वर्षानंतरही चालू राहतं का? संख्याशास्त्र किती सत्रं आहे, आणि स्वतःच्या आकड्यांवर करायला लावतात की पुस्तकातल्या? क्षेत्रकार्य म्हणजे सहल आहे की वहीत नोंदी, नमुने आणि परत येऊन तपासणी? प्रयोगशाळेतली उपकरणं विद्यार्थी हाताळतात, की काचेपलीकडून बघतात? एवढं करून गेल्या दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पांची शीर्षकं मागा. त्यात निम्म्याहून अधिक ‘जनजागृतीचं सर्वेक्षण’ निघाली, तर मुलीला तुमच्याकडेच ठेवा आणि पदव्युत्तर शिक्षणाला इकडे पाठवा. तळ्यांची, विहिरींची, धुळीची मोजमापं निघाली, तर जाऊ द्या. तिला नेमकं कोणत्या प्रकारच्या प्रश्नांवर काम करायचं आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नवी रेणूरचना करण्यात तिचा जीव रमत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा, तिची जागा तुमच्याच प्रयोगशाळेत आहे.

अभ्यासक्रम मिळाला आणि काही अडलं, तर इथेच खाली लिहा. मी वाचून सांगतो.