बँकेनं कर्ज दिलं म्हणजे कागद स्वच्छ? कोणी सांगितलं?

परवा रात्री धाकट्या बहिणीचा फोन आला. फ्लॅट पसंत पडलाय, रविवारी बिल्डरकडे पैसे द्यायला जायचंय, दादा येशील का? मी विचारलं, वकिलाला कागद दाखवलेस का? तर म्हणाली, "अरे, वकील कशाला? बँकेनं बघितलंय ना सगळं!" आणि पाठोपाठ तो मेसेज पाठवला. हो, तोच. "घर घेताय? वकिलाचे पैसे वाचवा." त्यात पाच मुद्दे आहेत: बँकेनं कर्ज मंजूर केलं की टायटल (मालकीहक्क) क्लिअर, महारेरा (रेरा कायद्याखाली गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नंबर म्हणजे सरकारची हमी, सुरुवातीचे पैसे नोटरी केलेल्या करारावर द्या आणि रजिस्ट्रेशन मागाहून करा, कर्जात बायकोचं नाव घातलं की ती आपोआप मालकीण, आणि कर्ज मुदतीआधी फेडू नका, दंड बसतो.

आजवर असले मेसेज न वाचता पुसत आलो. पण बहिणीच्या दहा वर्षांच्या बचतीवर बेतायला लागल्यावर गप्प कसं बसायचं?

बँक कागद बघते, हे खरं. पण स्वतःसाठी बघते. तिच्या पॅनलवरचा वकील सर्च घेतो, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासतो, रिपोर्ट लिहितो आणि तो बँकेच्या फायलीत जातो. त्या वकिलाचा पक्षकार बँक आहे, तुम्ही नाही. बहिणीला म्हटलं, मंजुरीपत्राच्या सगळ्या पानांचे फोटो पाठव. पहिल्या पानावर रक्कम आणि व्याजदर ठळक छापलेले. तिसऱ्या पानावर, भिंग घेऊन वाचावं अशा अक्षरांत, लिहिलंय की कर्ज मंजूर झालं म्हणून बँक टायटलची खात्री देते असं समजू नये, ती खातरजमा कर्जदारानं स्वतः करायची. ते पान तिनं उघडलंच नव्हतं.

आणि कल्याण-डोंबिवली विसरलात का इतक्यात? ६५ इमारती. महापालिकेच्या बांधकाम परवानग्या बनावट, त्या बनावट कागदांवर महारेराचे नंबर मिळवलेले, आणि त्यातल्या कितीतरी घरांवर बँकांची गृहकर्जं. उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या इमारती पाडायचा आदेश दिला. लोक राहत होते तिथे. मेसेजमधले पहिले दोन्ही मुद्दे या एका प्रकरणात निकालात निघतात. बँकेनं पाहिलं होतं, रेराचा नंबर होता, आणि मुळात परवानगीच खोटी होती. ती परवानगी खरी आहे का, हे पालिकेत जाऊन विचारलं असतं तर कळलं असतं.

यात सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? इमारत पडली तरी हप्ता थांबत नाही. कर्जाचा करार तुमचा आणि बँकेचा, त्यात बिल्डर फसवा निघाला ही सबब चालत नाही. तीन हप्ते थकले, म्हणजे ९० दिवस उलटले, की खातं एनपीए (बुडीत होऊ घातलेलं कर्ज) होतं आणि मग सरफेसी, म्हणजे तारण मालमत्ता जप्त करून वसुली करायच्या कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते. घर गेलेलं, वर बँक पगारदार माणसाच्या दारात. ज्यानं हा मेसेज लिहिला तो यातलं काहीही भरायला येणार नाही.

एक अर्धसत्य मान्य करतो, करावंच लागेल. एखाद्या प्रकल्पाला दोन-तीन बँका कर्ज द्यायला नकार देत असतील, तर तिथून उठून सरळ घरी यावं. बँकेचा नकार ही पक्की धोक्याची खूण आहे. पण म्हणून बँकेचा होकार म्हणजे सुरक्षिततेचा दाखला होत नाही. आणि रेराचा नंबर नसलेल्या नव्या प्रकल्पापेक्षा असलेला केव्हाही बरा, तक्रारीला दार तरी राहतं. हमी मात्र नव्हे.

आता नोटरीचं. बहिणीकडे बिल्डरनं २० टक्के मागितलेत, नोटरी केलेल्या करारावर. रेरा कायद्याचं कलम १३ स्पष्ट सांगतं: नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेताच येत नाही. म्हणजे हा मेसेज ज्याला बचतीची युक्ती म्हणतो तो बिल्डरनं केलेला कायदेभंग आहे, आणि त्यात तुम्ही स्वतःहून मान द्यायची. नोटरी फक्त सही करणारा माणूस कोण ते बघतो. त्या कराराची नोंद दुय्यम निबंधकाकडे होत नाही, इंडेक्स टू, म्हणजे त्या नोंदणीचा उतारा, निघत नाही. तोच फ्लॅट उद्या दुसऱ्याला रजिस्टर करून दिला तर काय दाखवणार?

बायकोच्या नावाचा मुद्दा उलटाच आहे. सहकर्जदार म्हणजे कर्ज फेडायला बांधलेली व्यक्ती. मालकी ठरते ती नोंदणीकृत करारात खरेदीदार म्हणून नाव असण्यानं. कर्जात नाव आणि करारात नाही, तर हप्त्याची जबाबदारी पूर्ण आणि मालकीचा कागद एकही नाही. हप्ते भरणाऱ्या बायकांनी आजच आपल्या कराराचं पहिलं पान उघडून बघावं.

मुदतीआधी कर्ज फेडल्याच्या दंडाचं म्हणाल तर फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या गृहकर्जावर बँकांना असा दंड लावायला रिझर्व्ह बँकेनं २०१२ मध्येच बंदी केली. फिक्स्ड दराचं असेल तर करार वाचा. आणि कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. हे खरं तर मेसेजमध्ये असायला हवं होतं. सोसायटीच्या दप्तरातला बँकेचा बोजा मात्र आपण पत्र देऊन काढून घ्यायचा.

रविवारी पैसे द्यायला आम्ही जात नाही. बांधकाम परवानगीचा क्रमांक लिहून घेतलाय. सोमवारी बहीण आणि मी पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन तो खरा आहे का ते विचारणार आहोत.