मान सिंहगडाकडं करा

मावसबहिणीचं लग्न पार पडलं, मठ्ठा फक्कड होता, मानपानावरून कोणी रुसलं नाही. एवढं सांगून मूळ तक्रारीवर येतो. आख्खं वऱ्हाड आता मला 'तो ड्रोन बंद पडलेला मुलगा' म्हणून ओळखतं. ड्रोन बंद पडला नव्हता. ड्रोन उत्तम उडत होता. तो कुठे उडतोय एवढंच मला दिसत नव्हतं.

यातला फरक मावशीला समजावायला गेलो तर ती म्हणाली, "सिम कुठल्या कंपनीचं आहे?"

मुळात 'ड्रोनवाल्याला कशाला पैसे घालवायचे, आपला घरचाच आहे की' हे वाक्य साखरपुड्यातच उच्चारलं गेलं होतं. आमच्याकडे 'घरचाच' माणसाला चहासुद्धा सगळ्यांचा झाल्यावर मिळतो. माझा ड्रोन पंख्यांना गार्ड असलेला, 250 ग्रॅमच्या आतला, सरकारी भाषेत नॅनो. त्याला रिमोट पायलटचा परवाना लागत नाही. तो मी घरी जोडलाय. 2022 च्या फेब्रुवारीत परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आणायला बंदी आली, सुटे भाग मात्र चालतात, त्यामुळे आमच्यासारख्यांच्या टेबलावर कायम सोल्डरचा वास असतो. डोळ्यांवर गॉगल चढवायचा, त्यात ड्रोनच्या नाकावरच्या कॅमेऱ्याचं चित्र येतं, ते बघत उडवायचं. गॉगल घातला की आपण बाहेरच्या जगाला आंधळे, आणि दोन्ही हात रिमोटवर. म्हणजे कोणी येऊन काहीही केलं तरी प्रतिकार शून्य. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लॉन सिंहगड रस्त्याला. सकाळी रिकाम्या लॉनवर उडवून पाहिलं, चित्र आरशासारखं स्वच्छ. दुपारी मामा नवरीला घेऊन निघाले, मी ड्रोन उचलला, आणि गॉगलमध्ये मुंग्या. मग काळ्या पट्ट्या. मग मामांचा अर्धा फेटा. परत मुंग्या.

आणि कानाशी आवाज आला, "पाहुणं, मुंग्या आल्या जणू?"

हे अण्णा. नवऱ्या मुलाचे थोरले चुलते. घरच्यांना बघायला म्हणून मी तिपाईवर एक छोटा मॉनिटर लावला होता, त्यासमोर खुर्ची ओढून ते बसले होते हे मला नंतर कळलं. माणूस मुलाकडचा. त्यामुळे 'अण्णा, जरा गप्प बसता का' हे वाक्य घशापर्यंत येऊन 'हो ना अण्णा' असं बाहेर पडलं.

"अँटेना कुठाय तुमचा?"

"गॉगललाच आहे, अण्णा."

"ही भूछत्रं? ह्याला काड्या कुठंयत?"

आता मामा अर्ध्या वाटेवर, भटजी माइकवर, ड्रोन माणसांच्या डोक्यावर, आणि मी ड्रोनचं चित्र वाहून आणणाऱ्या लहरीवर, म्हणजे 5.8 गिगाहर्ट्‌झवर व्याख्यान देतोय. की अण्णा, लहरीची लांबी जेवढी, तेवढा अँटेना मोठा. दूरदर्शनच्या लहरी काही मीटरच्या, म्हणून गच्चीवर तो कावळे बसायचा सांगाडा लागायचा. हिची लांबी पाचेक सेंटिमीटर, म्हणून अँटेनाही अंगठ्याएवढा. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काड्यांशिवाय येत नसतंय."

त्यांचं अगदीच चूक नव्हतं. त्या काड्यांच्या अँटेनाला यागी म्हणतात, विसाव्या शतकात उदा आणि यागी या दोन जपानी माणसांनी शोधलेला. काम उदांनी जास्त केलं आणि नाव यागींचं लागलं. मला उदांबद्दल फार वाटतं. बहुधा तेही घरचेच असणार.

"1973 ला सिंहगडावर टीव्हीचा मनोरा लागला," कानाशी इतिहास सुरू झाला, "तेव्हा आख्ख्या आळीचे अँटेने मी फिरवलेत. मी वर, म्हातारी खाली. आलं का? नाही. आलं का? आलं आलं! गेलं... पाहुणं, मान सिंहगडाकडं करा."

"अण्णा, सिंहगडाचा इथे काही संबंध..."

दोन हातांनी माझं डोकं धरलं गेलं. तंबाखूचा वास. डावीकडे. अजून डावीकडे. हनुवटी वर. मानेतून एक कट् असा आवाज. आणि मी हे शपथेवर सांगतो, लिहितानाही संताप येतो, पण मुंग्या गेल्या. नवरीच्या मुंडावळ्या मोजून घ्याव्यात इतकं स्वच्छ चित्र.

"बघा!" अण्णा ओरडले. "आलं का नाही?" आजूबाजूच्या चारदोन खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या.

सिंहगडाचा संबंध नव्हताच. कारण वेगळं होतं आणि मला ते त्याच क्षणी कळलं, सांगायला मात्र कोणी नव्हतं. स्टेजपाशी शूटिंगवाला उभा होता, आणि त्याच्या कॅमेऱ्यावर वायरलेस ट्रान्समीटर. त्यावरून चित्र एलईडी वॉलवर जातं. तो यंत्रोबाही पाच-साडेपाच गिगाहर्ट्‌झच्या वरच्याच आळीतला, आणि मोकळी जागा दिसेल तिथे स्वतःहून पसरणारा. आमच्या पट्ट्यात चॅनल म्हणायला 40, पण एकमेकांच्या मांडीवर बसलेले. धड वेगळे आठ. गॉगलवरच्या दोन अँटेनांपैकी चौकोनी पॅच आहे त्याला समोरचं लांबवर ऐकू येतं, पाठीमागचं जवळजवळ नाही. अण्णांनी मान पिरगळली तशी त्या अँटेनाची पाठ शूटिंगवाल्याकडे झाली. विज्ञान माझं, यश अण्णांचं.

या शूटिंगवाल्याला मी सकाळी विनंती केली होती. दादा, नवरी येताना दोन मिनिटं ट्रान्समीटर बंद ठेवता का? त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आमचं पेमेंटचं काम आहे," तो म्हणाला, "तुमचं हौशी." हे मला लागलं. माझी बॅटरी पैसे देऊन येते, कॅमेरा पैसे देऊन येतो. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, एकदा मला असा अँटेना मिळाला की आटे अगदी घट्ट बसले, पण मधली पिन ना अँटेनाला ना सॉकेटला. पत्रिका जुळली, संसार नाही. परत करायला गेलो तर दुकानदार म्हणाला, खोललेला माल परत होत नाही. ते पैसे हौशी नव्हते. एलईडी वॉलवाला, डीजे, थंड फटाकेवाला, सगळ्यांना ॲडव्हान्स मिळाला. मला पत्रिकासुद्धा व्हॉट्सॲपवर आली.

असो. चित्र आलं होतं. मी ड्रोन बोहल्याकडे वळवला, अंतरपाट धरला गेला, आणि अण्णा आपलं कर्तृत्व जवळून बघायला उठून माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

अण्णांचा देह भारदस्त आहे. माणसाच्या अंगात पाणी फार, आणि 5.8 गिगाहर्ट्‌झचा सिग्नल पाण्यात गेला की तिथेच राहतो. गॉगलमध्ये काळोख.

"अण्णा, बाजूला व्हा!"

"हलू नका पाहुणं, मी बघतो कुठं सैल झालंय," असं म्हणून त्यांनी भूछत्राला हात घातला.

कंट्रोलचा सिग्नल वेगळ्या वाटेनं जातो, तो ठणठणीत होता. म्हणून तर पंचाईत. तो तुटला असता तर फेलसेफ लागला असता, म्हणजे ड्रोन आपोआप खाली आला असता. चित्र गेल्याचा ड्रोनला पत्ताच नसतो, तो शेवटपर्यंत आज्ञाधारक. मी आठवणीनं माणसं नसलेली बाजू धरली आणि अंदाजानं, बोटाबोटानं खाली घेतला. पंखे थांबल्याचा आवाज आला. किंकाळी आली नाही. 'सावधान' झालं, अक्षता पडल्या.

गॉगल काढून पाहिलं तर ड्रोन रुखवतात. साखरेचं तुळशीवृंदावन आणि लोकरीचा गणपती यांच्यामधोमध, मुद्दाम मांडून ठेवल्यासारखा सरळ. मी उचलायला निघालो तोवर मावशीनं मला वाढायला जुंपलं. घरचाच.

पंगती आटोपल्यावर आलो तेव्हा टेबल रिकामं. मुलाकडच्या बायकांनी रुखवत बांधून गाडीत घातलं होतं. "ड्रोनसुद्धा दिलाय बाई," असं त्यांच्यात कौतुक झाल्याचंही कळलं. मावशी म्हणते, आता परत मागायचा नाही, बरं दिसत नाही. त्याच्यातल्या कार्डावर सगळं चित्रण स्वच्छ असणार. मुंग्या फक्त माझ्या गॉगलात होत्या, रेकॉर्डिंग ड्रोनमधल्या ड्रोनमध्ये होतं. हे कोणाला पटत नाही.

शेवटी मीच अण्णांना फोन केला. ते खुशीत होते. म्हणाले, पाहुणं, या की रविवारी, घेऊन जा तुमचं विमान. नाहीतरी आमच्या डिशला पावसापासून चित्र येत नाही आणि तुम्ही त्यातलेच. शिडी काढून ठेवतो.