पुलाला आपल्या नेत्याचं नाव कसं लावावं

पूल बांधून होण्याची वाट पाहू नका. भूमिपूजनाचा नारळ फुटला की त्याच संध्याकाळी चौकात फ्लेक्स लागला पाहिजे: ‘नियोजित लोकनेते अमुकअण्णा उड्डाणपूल’. ‘नियोजित’ हा शब्द विसरू नका, सगळी जादू त्यातच आहे. पुण्यात पूल व्हायला जेवढा काळ लागतो तेवढ्यात लोकांच्या नजरेला ते नाव सवयीचं होतं, आणि नंतर दुसरं नाव सुचवणारा आपोआप ‘अण्णांचं नाव काढायला निघालेला’ ठरतो.

मग पूल कुणाच्या मालकीचा आहे ते बघा. हे कुणी बघत नाही. महामार्गावरचा पूल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, रुळांवरच्या पुलात रेल्वेचा हात, कॅन्टोन्मेंटमध्ये बोर्डाचा शब्द. महापालिकेचा असेल तर प्रस्ताव आधी नाव समितीत, मग मुख्य सभेत. ‘पुढच्या सभेत बघू’ असं म्हणू नका. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. पुढची सभा व्हायला काही वर्षं गेली.

प्रस्तावाला सूचक आपला आणि अनुमोदक विरोधी पक्षाचा घ्या. तो सही देतो, कारण त्यालाही पुढच्या महिन्यात एका उद्यानाला काकांचं नाव द्यायचं असतं. सोबत कार्याचा अल्पपरिचय जोडा, एक पान पुरे. नेत्याचं गाव सातारा जिल्ह्यातलं असेल तर ‘पुणे ही त्यांची कर्मभूमी’ असं लिहायचं. शेवटी ‘आजवर शहरातल्या एकाही पुलाला आमच्या समाजातल्या व्यक्तीचं नाव नाही’ हे वाक्य टाका. याला सभागृहात कुणाकडेच उत्तर नसतं, कारण मोजायला कुणी बसत नाही. नेते हयात असतील तर मात्र जरा थांबा. हयात माणूस पक्ष बदलू शकतो, आणि मग त्या पाटीखालून रोज तुम्हालाच जावं लागतं.

आता खरी अडचण. पुणेकर.

लकडी पुलात आज लाकूड नाही आणि त्याचं अधिकृत नाव छत्रपती संभाजी पूल आहे. शनिवारवाड्याजवळचा १९२३ चा लॉईड ब्रिज पुढे छत्रपती शिवाजी पूल झाला. शंभरी उलटली तरी लोक त्याला नवा पूलच म्हणतात. झेड ब्रिजला तर आकारावरून ओळखतात. जिथे खुद्द छत्रपतींची नावं पाटीवर राहिली, तिथे तुमच्या अण्णांचं काय घेऊन बसलात! रिक्षावाल्याला ‘लोकनेते सहकारमहर्षी स्वर्गीय अमुकअण्णा उड्डाणपूल’ सांगून बघा. तो विचारेल, ‘म्हणजे कुठं, डी-मार्टपाशी?’

तोंडात बसलेली नावं बघा: म्हात्रे पूल, भिडे पूल, डेंगळे पूल, राजाराम पूल. उपाध्या गळाल्या, एक शब्द राहिला. तुम्हीही तेवढाच ठेवायला हवा, पण ठेवणार नाही, कारण ‘सहकारमहर्षी’ काढलं तर चिरंजीव रुसतात. असो. ताशी चाळीसच्या वेगाने जाणारा सेकंदाला अकरा मीटर पुढे सरकतो. तीन सेकंदांत पाटी मागे पडते. तेवढ्यात दोन-तीन शब्द वाचून होतात. संध्याकाळी सात वाजता मात्र अल्पपरिचयही लावायला हरकत नाही, लोक निवांत वाचतील.

आणि पूल उंच, भक्कम बांधू नका. भिडे पुलाकडून शिका. तो नदीपात्रात ठेंगणा आहे, त्यामुळे खडकवासल्यातून मुठेत विसर्ग वाढला की ‘भिडे पूल पाण्याखाली’ ही बातमी ठरलेली. पावसाळ्यात बाबा भिड्यांचं आडनाव सगळ्या वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर फुकट येतं. न बुडणाऱ्या पुलाचं नाव पेपरात यायला किमान खड्डा तरी पडावा लागतो, आणि खड्ड्याच्या बातमीत नेत्याचं नाव आलं तर कार्यकर्ते चिडतात. पुराच्या बातमीवर कुणी चिडत नाही.

उद्घाटनाची तारीख आचारसंहितेच्या आधीची धरा आणि आदल्या रात्री पुलावर चार कार्यकर्ते झोपवा. नाहीतर विरोधक पहाटेच नारळ फोडून मोकळे होतात.

शेवटचं काम पाटीचं. ग्रॅनाइटवर स्टीलची अक्षरं चिकटवायची पद्धत आहे, दिसतात झकास. पण जयंती आणि पुण्यतिथी, असे वर्षाला किमान दोन हार तिथे चढणार, आणि हारासाठी हूक ठेवायचं ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात कधीच नसतं. मग हार वेलांटीला अडकवतात, कारण तीच सोयीची पडते. झेंडूचा पाच किलोचा ओला हार दोन-तीन वर्षं सोसला की वेलांटी निखळते आणि ‘नि’चा ‘न’ होतो. ती परत बसवायचं काम पथ विभाग क्षेत्रीय कार्यालयाकडे ढकलतो, क्षेत्रीय कार्यालय भवन विभागाकडे. म्हणून पाटी बसवतानाच दोन्ही टोकांना स्टीलचे हूक ठोकून घ्या, बारा मिलिमीटरचे, हात पोचेल अशा उंचीवर. पैसे स्वतःच्या खिशातून द्या. बिल लावलंत तर हूक मंजूर व्हायला पुलाइतकाच वेळ लागेल.